हेलपाटा वाचवा: ग्राहकाचा अनुभव कसा आखावा

ग्राहकाचा अनुभव सुधारायचा म्हटलं की चर्चा लगेच रंगरंगोटीकडे वळते. नवा लोगो, हसतमुख स्वागत, वाढदिवसाचा मेसेज. पण ज्याचं कपडे धुण्याचं मशीन तीन दिवस बंद आहे, त्याला यातलं काहीच नको असतं. टेक्निशियन कधी येणार ते नक्की कळावं, तो सांगितलेल्या वेळी यावा आणि एका फेरीत काम व्हावं, एवढंच त्याला हवं असतं. परशुरामन, झाइटामल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८०च्या दशकात सेवांची गुणवत्ता मोजण्याची ‘सर्व्हक्वाल’ ही पद्धत तयार केली. तिच्यात विश्वासार्हता, तत्परता, खात्री, आपुलकी आणि दिसणाऱ्या गोष्टी असे पाच निकष होते. ग्राहकांच्या लेखी विश्वासार्हता सर्वात वर आणि दिसणाऱ्या गोष्टी सर्वात खाली, असंच त्यांना दिसलं. पैसा आणि लक्ष मात्र बहुतेक ठिकाणी याच्या उलट क्रमाने खर्च होतं.

म्हणून आखणीची सुरुवात एका साध्या मोजमापाने करा: हेलपाटा. काम न होता परत यावं लागलं तर तो हेलपाटा असतोच. पण तीच गोष्ट तिसऱ्या माणसाला पुन्हा सांगणं, ‘माझं काय झालं’ विचारायला फोन करणं, एकच कागद दोनदा देणं, दिवसभर घरी ताटकळत बसणं, हे सगळे हेलपाटेच. पुढे दिलेल्या पायऱ्या हे हेलपाटे शोधायच्या आणि काढायच्या आहेत. उदाहरण म्हणून घरगुती उपकरणं दुरुस्त करणारी सेवा घेतली आहे. दवाखाना, शिकवणी, बँक, ऑनलाइन विक्री यांनाही हीच पद्धत लागू पडते.

एकच काम घ्या, पण अथपासून इतिपर्यंत

‘सगळंच सुधारू’ असं ठरवलं की सहा महिन्यांनी हातात फक्त सादरीकरणं उरतात. त्याऐवजी ग्राहक तुमच्याकडून जी कामं करून घेतो त्यांची यादी काढा: नवी नोंदणी, दुरुस्ती, वस्तू परत देणं, पत्ता बदलणं, सेवा बंद करणं. ही यादी सहसा दहा-बारा ओळींत संपते. प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे लिहा. हे काम महिन्यात किती वेळा निघतं? आणि शंभरातल्या किती जणांना त्यासाठी दुसऱ्यांदा संपर्क करावा लागतो? दोन्हींचा गुणाकार ज्या कामाचा सर्वात मोठा, ते आधी हातात घ्या. ज्या कामाबद्दल वरिष्ठांकडे सर्वात मोठ्याने तक्रार आली, ते आधी घेण्याचा मोह टाळा. मोठ्याने बोलणारा ग्राहक आणि जास्त त्रास सोसणारा ग्राहक बऱ्याचदा वेगळे असतात.

मग कामाची दोन टोकं ठरवा. तुमच्या रजिस्टरमध्ये काम ‘तक्रार नोंदवली’ इथे सुरू होतं आणि ‘तक्रार बंद’ इथे संपतं. ग्राहकाचं काम मशीनखाली पाणी दिसतं तेव्हा सुरू होतं. मग तो नंबर शोधतो, वॉरंटीचं कार्ड शोधतो, मॉडेल क्रमांक कुठे लिहिलाय ते शोधतो. आणि त्याचं काम संपतं ते कपडे नीट धुतले गेले आणि बिल सांगितलेल्या आकड्याशी जुळलं की. रजिस्टरबाहेरची ही दोन टोकं कोणाच्याच जबाबदारीत नसतात. म्हणूनच तिथे हेलपाटे साचतात.

बैठकीत अंदाज बांधू नका, जाऊन बघा

या कामाचा पायरी-पायरीचा नकाशा काढायचा आहे, पण त्याआधी साधारण आठवडाभर निरीक्षणाला द्या. तीस-चाळीस फोन ऐका. यासाठी वाईट कॉल निवडू नका, एका ठरावीक दिवसाचे सलग घ्या. किमान दोन दिवस टेक्निशियनबरोबर फिरा. आठ-दहा ग्राहकांशी बोला, आणि त्यात मध्येच सोडून गेलेले किमान तीन असू द्या. टिकलेल्या ग्राहकांनी तुमचे दोष अंगवळणी पाडून घेतलेले असतात, त्यामुळे त्यांना ते आठवतही नाहीत.

बोलताना ‘तुम्हाला ॲप आवडेल का?’ असं विचारू नका. लोक मोकळ्या मनाने हो म्हणतात आणि पुढे वापरत नाहीत. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा: ‘मागच्या वेळी मशीन बिघडलं तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत? मग? त्या वेळी घरी कोण होतं? दुसऱ्यांदा फोन का करावा लागला?’ उत्तर आलं की क्षणभर गप्प राहा. खरी अडचण बऱ्याचदा दुसऱ्या वाक्यात येते.

याशिवाय तुमच्यापैकी एकाने साध्या मोबाइलवरून, ओळख न देता, खरीखुरी तक्रार नोंदवावी आणि शेवटपर्यंत पाठपुरावा करावा. प्रत्येक टप्प्याची वेळ, कोणी काय विचारलं आणि कोणता मेसेज आला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावं.

वेबसाइट किंवा ॲपचा भाग असेल तर पाच माणसांना समोर बसवून ‘यावरून दुरुस्तीची वेळ ठरवा’ एवढंच सांगा आणि मदत न करता बघत राहा. जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, सरासरी प्रकल्पात पाच माणसांच्या चाचणीतून वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. पंधरा जणांची एकच मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या करा आणि मधल्या काळात दुरुस्त्या करा. त्यातून हाती जास्त लागतं.

पडद्यापुढचं आणि पडद्यामागचं एकाच कागदावर

सेवेचाही इमारतीसारखा आराखडा काढता येतो, ही कल्पना लिन शोस्टॅक यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. तिचं मर्म एका आडव्या रेषेत आहे. रेषेच्या वर ग्राहकाला दिसतं ते, खाली त्याला दिसत नाही ते. ही रेषा नसलेला नकाशा फक्त ग्राहकाच्या भावनांचं चित्र होतो. भिंतीवर शोभतो, काम पुढे सरकत नाही.

भिंतीवर मोठा कागद लावा आणि पाच आडव्या ओळी आखा:

१. वेळ: मिनिटं, तास, दिवस. अंदाजाने नको, निरीक्षणातून आलेली.
२. ग्राहक काय करतो. तुमच्याशी संबंध नसलेल्या गोष्टीही इथे येतात, उदाहरणार्थ ‘ऑफिसमधून सुट्टी घेतो’.
३. आपला माणूस किंवा आपला स्क्रीन त्याच्यासमोर काय करतो.
४. (ठळक रेषेखाली) पडद्यामागे कोण काय करतं: वेळापत्रक लावणारा, गोदाम, हिशेब.
५. कोणती यंत्रणा, वही किंवा नियम लागतो.

या कामाला अर्धा दिवस द्या आणि सहा ते आठ माणसं बोलवा. फोन घेणारा, घरी जाणारा आणि गोदाम सांभाळणारा यांच्याशिवाय बसू नका. व्यवस्थापकांनाच घेऊन काढलेला नकाशा नियम काय सांगतो ते दाखवतो. प्रत्यक्ष काय घडतं ते त्यात येत नाही. प्रत्येक कृती वेगळ्या चिठ्ठीवर लिहा म्हणजे जागा बदलता येते. नकाशा पूर्ण झाला की लाल पेनने तीन खुणा करा: ग्राहक कुठे थांबतो, तेच पुन्हा कुठे सांगतो आणि पुढे काय होणार याचा अंदाज कुठे बांधत बसतो.

आता एक हिशेब. नोंदणी, वेळ ठरवणं, टेक्निशियनचं येणं, योग्य पार्ट असणं, दुरुस्ती, बिल अशा सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी १०० पैकी ९५ वेळा बिनचूक पार पडते असं धरा. प्रत्येक विभाग आपल्या ९५ टक्क्यांवर खूश असतो. पण सहाही पायऱ्या सुरळीत गेल्या असे ग्राहक ०.९५ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे फक्त ७४ टक्क्यांच्या आसपास. चारातल्या एकाला कुठे ना कुठे ठेच लागतेच. त्यामुळे पायऱ्या सुधारण्याआधी कमी करता येतात का ते बघा. काढून टाकलेली पायरी कधी चुकत नाही.

थांबणं: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

वाट बघायला लावण्यात दोन वेगळे प्रश्न असतात: प्रत्यक्ष किती वेळ जातो आणि तो किती वाटतो. दोन्हींवर काम करायचं, पण याच क्रमाने. रांगेसमोर टीव्ही लावून रांग आखूड होत नाही.

प्रत्यक्ष वेळेसाठी पहिलं साधन म्हणजे लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला आणि तो वापरायला अगदी सोपा आहे: अडकून पडलेली कामं = रोज येणारी कामं × एका कामाला लागणारे सरासरी दिवस. तुमच्याकडे ६० दुरुस्त्या प्रलंबित आहेत आणि रोज १५ नव्या येऊन १५ पूर्ण होतात, तर ग्राहकाला सरासरी ४ दिवस लागणारच. मॅनेजर कितीही कळकळीने ‘दोन दिवसांत करा’ म्हणाला तरी प्रलंबित कामं ३० वर आल्याशिवाय, किंवा रोजचा उरक वाढल्याशिवाय, ते होणार नाही. एकदा जादा माणसं लावून साचलेला ढीग उपसला की तेवढ्याच माणसांत दोन दिवस टिकवता येतात, कारण रोज येणारं काम ते आधीपासूनच उरकत होते.

दुसरी गोष्ट मालकांना पटायला जड जाते. माणूस सतत कामात दिसला पाहिजे, हा आग्रहच रांग वाढवतो. एकच काउंटर आहे, लोक अनियमित येतात, कोणाचं काम छोटं तर कोणाचं मोठं, आणि सरासरी काम ६ मिनिटांचं आहे असं समजा. रांगेच्या नेहमीच्या गणितानुसार काउंटर ८० टक्के वेळ कामात असेल तर रांगेत सरासरी २४ मिनिटं जातात. ९० टक्के असेल तर ५४ मिनिटं. ९५ टक्के असेल तर जवळजवळ दोन तास. शेवटच्या पंधरा टक्क्यांच्या ‘बचती’साठी ग्राहकाने दीड तास जास्त उभं राहायचं. गर्दीच्या वेळचं वेळापत्रक ७५-८० टक्क्यांवर आखा आणि उरलेल्या वेळात फाइल लावणं, परत फोन करणं अशी मध्येच सोडता येणारी कामं ठेवा. काउंटर एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांसाठी एकच रांग करा. मग ‘शेजारची रांग पुढे सरकली’ ही चडफड उरत नाही आणि एखाद्या अवघड कामामागे दहा जण अडकत नाहीत.

आता वाटणारा वेळ. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्राबद्दल मांडलेली निरीक्षणं आजही तंतोतंत लागू पडतात. रिकामं बसून घालवलेला वेळ जास्त वाटतो. किती थांबायचंय ते माहीत नसेल तर जास्त वाटतो. कारण कळलं नाही तर जास्त वाटतो. आपल्यामागून आलेला पुढे गेला तर असह्य होतो. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे माहिती.

माहितीतला सर्वात मोठा भाग म्हणजे दिलेली तारीख. ती अशी काढा: मागच्या १०० दुरुस्त्या घ्या, लागलेल्या दिवसांनुसार चढत्या क्रमाने लावा आणि ९०वी नोंद बघा. सरासरी ३ दिवस असेल आणि ९०वी नोंद ६ दिवसांची असेल, तर ग्राहकाला ६ दिवस सांगा. ‘तीन दिवसांत’ म्हणणं म्हणजे कित्येकांना दिलेला शब्द मोडायची तयारी आधीच करून ठेवणं. उलट सुरक्षित राहायचं म्हणून १५ दिवसही सांगू नका. एवढी लांबची तारीख ऐकली की लोक रोज फोन करतात किंवा दुसरीकडे जातात. मग शेवटच्या दहा नोंदी एकेक करून उघडा. उशीर का झाला? दुरुस्तीच्या कामात एक कारण वारंवार सापडतं: टेक्निशियन आला, बिघाड सांगितला आणि पार्ट आणायला परत गेला. त्यावरचा उपाय नोंदणीच्या वेळीच करता येतो. मशीनवरच्या लेबलचा फोटो, स्क्रीनवर दिसणारा एरर कोड आणि ‘पाणी भरतं का, फिरतं का, बाहेर जातं का’ हे तीन प्रश्न. एवढ्यावरून बऱ्याच वेळा योग्य पार्ट पहिल्याच फेरीत सोबत नेता येतो.

मेसेज लिहिताना प्रत्येक मेसेजमध्ये तीन गोष्टी हव्यात: आत्ता काय स्थिती आहे, पुढे काय आणि कधी होणार, ग्राहकाला काही करायचं आहे का. ‘आपली विनंती प्रक्रियेत आहे, सहकार्याबद्दल धन्यवाद’ या मेसेजमध्ये तिन्हींपैकी एकही नाही. तो वाचून ग्राहक फोनच लावतो. त्याऐवजी:

‘तुमच्या मशीनचा पाणी बाहेर टाकणारा पंप बदलावा लागेल. तो आमच्याकडे गुरुवारी येतो. टेक्निशियन शुक्रवारी सकाळी १० ते १२ दरम्यान येईल. वेळ जमत नसेल तर या लिंकवरून बदला. गुरुवारी संध्याकाळी ६ पर्यंत आम्ही पुन्हा कळवू, पंप आला नाही तरीही.’

शेवटचे चार शब्द सर्वात मोलाचे आहेत. सांगण्यासारखं काही नसतानाही ठरल्या वेळी कळवणं हेच विश्वास टिकवतं. तेवढं होत नसेल तर वेळ सांगूच नका. येण्याची वेळ दोन तासांच्या टप्प्यात द्या, आधीच्या घरून निघताना ‘साधारण ३० मिनिटांत पोहोचतो’ असा मेसेज जाऊ द्या, आणि उशीर होणार हे कळताक्षणी सांगा. ठरलेली वेळ उलटून गेल्यावर आलेली दिलगिरी कामाची नसते, कारण ग्राहकाची सुट्टी तोवर वाया गेलेली असते.

स्क्रीनवरच्या थांबण्यालाही मर्यादा आहेत. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. एका सेकंदापेक्षा जास्त लागणार असेल तर काहीतरी चालू असल्याची खूण दाखवा. दहापेक्षा जास्त लागणार असेल तर किती झालं, किती राहिलं ते दाखवा आणि दरम्यान बटण बंद ठेवा. नाहीतर माणूस पुन्हा दाबतो आणि पैसे दोनदा कापले जातात.

फॉर्म आणि फोन

फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्यासमोर लिहा: हे कोण वाचतं आणि वाचून काय ठरवतं? उत्तर नसेल तर तो रकाना काढा. फोन नंबरात मोकळी जागा किंवा देशाचा कोड टाकला तरी फॉर्मने तो स्वीकारावा. चूक झाली तर त्या रकान्याशेजारीच, काय बदलायचं ते सांगावं, आणि भरलेली बाकीची माहिती पुसली जाता कामा नये. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक किमान ४.५ : १ ठेवा. वेबच्या सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं साध्या मजकुरासाठी एवढी अपेक्षा करतात. फिकट राखाडी अक्षरं देखणी वाटतात, पण उन्हात किंवा चाळिशी लागलेल्या डोळ्यांना वाचता येत नाहीत.

फोनवर पहिल्या पातळीला चारपेक्षा जास्त पर्याय नकोत, आणि माणसाशी बोलायचा पर्याय लपवू नका. कॉल एकाकडून दुसऱ्याकडे देताना पहिल्याने दुसऱ्याला सगळी हकिगत सांगायची आणि मगच ग्राहकाला जोडायचं. हा एकच नियम काटेकोरपणे पाळला तरी टोलवाटोलवीच्या निम्म्या तक्रारींचं मूळ उपटलं जातं, असं आमचं ठाम मत आहे.

चूक झाल्यावर काय करायचं ते आधीच ठरवा

चुका होणारच. त्या क्षणी समोरच्या कर्मचाऱ्याला काय करायची मुभा आहे, यावर सगळं ठरतं. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ हे वाक्य ग्राहकासाठी आणखी एक हेलपाटा असतं, आणि ते उच्चारणाऱ्यासाठीही अपमानास्पद असतं.

भरपाईची मर्यादा अशी ठरवा. वरिष्ठांकडे मंजुरीसाठी गेलेली मागची १०० प्रकरणं काढा. कोणत्या रकमेपर्यंत जवळजवळ प्रत्येक वेळी ‘हो’च म्हटलं गेलं ते बघा. त्या रकमेपर्यंतचा अधिकार सरळ काउंटरवरच्या माणसाला द्या, कारण तिथे मंजुरीने वेळ जाण्यापलीकडे काहीच घडत नव्हतं. गैरवापराची भीती असेल तर आधी परवानगी मागण्याऐवजी नंतर महिन्यातून दहा प्रकरणं यदृच्छेने तपासा. आणि तपासताना फक्त ‘जास्त दिलं का’ बघू नका. द्यायला हवं होतं तिथे दिलं नाही, असंही शोधा. नाहीतर कर्मचारी हात आखडता घेणं हेच सुरक्षित मानतील.

बोलण्याचा क्रम असा ठेवा: काय चुकलं ते नेमक्या शब्दांत कबूल करा, आता काय करणार ते सांगा, केव्हापर्यंत ते सांगा, आणि पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव सांगा. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ पुरेसं नाही. ‘काल १० ते १२ सांगूनही आमचा माणूस आला नाही आणि आम्ही कळवलंही नाही, ही आमची चूक’ असं म्हणा. कारण विचारलं तर एका वाक्यात द्या. आमच्या गोदामाचा आणि हिशेब विभागाचा वाद ग्राहकासमोर मांडू नका. भेटवस्तू किंवा कूपन हे मूळ काम झाल्यावर. मशीन अजून बंद असताना आलेलं सवलतीचं कूपन जखमेवर मीठ चोळतं.

जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये दाखवलेला भेद इथे उपयोगी पडतो. काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या असल्या तर कोणी कौतुक करत नाही, नसल्या तर माणूस संतापतो. काही गोष्टी अनपेक्षित आनंद देतात, पण पहिल्या प्रकारची उणीव त्या भरून काढत नाहीत. शिवाय आज ज्याचं अप्रूप वाटतं ते उद्या गृहीत धरलं जातं. टेक्निशियन नकाशावर कुठे आहे ते दिसणं, हे एकेकाळी नवल होतं. त्यामुळे यादी करताना प्रत्येक कल्पनेसमोर ती कोणत्या प्रकारची ते लिहा, आणि गृहीत प्रकारातली एकही लाल खूण शिल्लक असेपर्यंत आनंदाच्या कल्पनांना पैसे देऊ नका.

शेवट कसा होतो

डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेला प्रयोग असा. लोकांनी एक हात १४ अंश सेल्सियस पाण्यात ६० सेकंद ठेवला. दुसऱ्या वेळी दुसरा हात तशाच पाण्यात ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद ठेवला. त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं होतं. यातलं कोणतं पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुसंख्यांनी दुसरं निवडलं, म्हणजे एकूण जास्त त्रासाचं. कारण त्याचा शेवट सौम्य होता. आठवणीत सर्वात तीव्र क्षण आणि शेवट राहतो, मधला कालावधी फारसा राहत नाही.

दुरुस्तीचा शेवट म्हणजे बिल आणि टेक्निशियनचं निघणं, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी घाईत उरकतं. त्याची रीत ठरवून द्या. ग्राहकासमोर मशीन एकदा चालवून दाखवायचं. बदललेला जुना पार्ट दाखवायचा. बिल काम सुरू करण्याआधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त होणार असेल तर काम थांबवून आधी विचारायचं. जागा पुसून निघायचं. दोन दिवसांनी ‘मशीन नीट चालतंय ना? नसेल तर या मेसेजला उत्तर द्या, नवी तक्रार नोंदवायची गरज नाही’ असा मेसेज. सेवा बंद करणाऱ्यांसाठीही शेवट असतो. नोंदणीला दोन मिनिटं लागत असतील तर रद्द करायलाही दोनच मिनिटं लागली पाहिजेत. अडवून ठेवलेला ग्राहक महिनाभर जास्त पैसे देतो आणि पुढे वर्षानुवर्षं लोकांना ते सांगत राहतो.

काय मोजायचं

फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेला नेट प्रमोटर स्कोअर सर्वत्र वापरला जातो. ‘आमची शिफारस कराल का?’ या प्रश्नाला ० ते १० गुण द्यायचे आणि ९-१० देणाऱ्यांच्या टक्केवारीतून ०-६ देणाऱ्यांची वजा करायची. महिन्याला हजारो उत्तरं येत असतील तर दिशा कळते. पण २० उत्तरं आली, त्यात ११ जणांनी ९-१० आणि चौघांनी ०-६ गुण दिले, तर स्कोअर ३५. त्यातला एकच माणूस ९ वरून ६ वर आला की स्कोअर २५. एका माणसाच्या एका दुपारवर बैठका घेण्यात अर्थ नाही. आणि कर्मचाऱ्याचा बोनस या आकड्याला बांधला की तो ‘सर, प्लीज दहा द्या’ म्हणू लागतो. ग्राहकावर एक काम वाढतं आणि आकडाही खोटा होतो.

त्यापेक्षा तुमच्याच नोंदींतून निघणारे तीन आकडे दर आठवड्याला बघा:

– दिलेली वेळ किती टक्के वेळा पाळली. वेळ बदलून दिली असेल तर मूळ वेळ धरायची, नाहीतर तारीख पुढे ढकलून १०० टक्के गाठता येतात.
– पहिल्याच फेरीत किती टक्के दुरुस्त्या झाल्या.
– काम ‘बंद’ केल्यावर ७ दिवसांत किती ग्राहकांनी पुन्हा संपर्क केला, आणि कशासाठी.

यांच्या जोडीला काम संपल्यावर एक-दोन दिवसांत दोनच प्रश्न: ‘हे काम करून घेताना तुम्हाला किती कष्ट पडले?’ (१ ते ५) आणि ‘सर्वात जास्त त्रास कुठे झाला?’ (मोकळी जागा). दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आठवड्यातून एकदा फोन घेणाऱ्यांसह एकत्र बसून मोठ्याने वाचा. वीस प्रश्नांची प्रश्नावली पाठवू नका. ती भरणारे एकतर फार खूश असतात किंवा फार चिडलेले.

बदल लहान करा, जुनं काढून टाका

लाल खुणांपैकी एक निवडा, एका भागात किंवा एका टीमपुरता बदल करा आणि दोन ते चार आठवडे चालवा. त्याच काळात बाकीची टीम जुन्या पद्धतीने चालू द्या, म्हणजे तुलना करता येते. सगळीकडे एकदम बदल केला आणि नेमका तेव्हाच हंगाम ओसरला, तर आकडे सुधारले ते कशामुळे हे कधीच कळत नाही. सुरू करण्याआधी लिहून ठेवा: कोणता आकडा किती हलला तर बदल ठेवायचा, आणि काय बिघडलं तर लगेच थांबवायचा. लेबलचा फोटो मागितल्याने पहिल्या फेरीतल्या दुरुस्त्या वाढल्या, पण फोटो काढता न आल्याने वयस्कर ग्राहकांची नोंदणी अर्धवट राहू लागली, असं सहज होतं. अशा वेळी फोटो ऐच्छिक करा आणि फोटो न आलेल्यांना फोन करून तीन प्रश्न विचारा.

बदल टिकला की जुनी पायरी प्रत्यक्षात बंद झाली का ते तपासा. नवं ॲप आलं तरी टेक्निशियन जुनी वहीही भरत असतो, कारण हिशेब विभाग अजून वहीच मागतो. मग घाईच्या दिवशी दोन्हींतलं एक अर्धवट राहतं, आणि सहसा ते ग्राहकाला मेसेज पाठवणारं असतं. प्रत्येक नव्या पायरीच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहा: तिची जबाबदारी कोणाची आणि तिच्यामुळे कोणती जुनी पायरी गेली. नकाशा भिंतीवरच राहू द्या, तारीख टाकून. दर तीन महिन्यांनी वरिष्ठांपैकी एकाने पुन्हा साध्या मोबाइलवरून तक्रार नोंदवावी आणि आपल्या वेळा जुन्या वेळांच्या शेजारी वेगळ्या रंगात लिहाव्यात. सलग दोनदा लालच राहिलेली जागा पुढच्या बदलासाठी सर्वात आधी घ्या.